वैद्याची बोलकी बोटं

एक होता राजा आणि एक होता वैद्य. सरका रे जरा, पाय लांब करू द्या, दिवसभर उभी आहे मी. तर वैद्याचं नाव गुणाजी. त्याची बोटं बोलायची, बरं का. नाडीवर ठेवली की आजार कुठं दडलाय ते सांगायची. सुगीला घरटी पायलीभर दाणे मिळायचे, त्यावर त्याची चूल पेटायची.

राजाला ते खुपलं. म्हणाला, "हा बसून खातो. देईल तितक्या औषधाच्या पुड्यांचे पैसे द्या."

मग काय, नुसतं शिंकलं तरी ओंजळभर पुड्या. लोकांची पोटं बिघडली. हात नाडीवर आणि ध्यान पुड्यांवर, म्हणून बोटं हळू बोलायला लागली.

राजा वैतागला. म्हणाला, "पुड्या बंद. माणसामागे पैसे." मग दारात ही रांग! मनगट धरलं न धरलं की पुढचा. म्हातारी बिचारी दुखणं सांगायला तोंड उघडायची, तोवर तिला बाहेर काढलेलं. बोटं नुसती पुटपुटायची.

राजा पुन्हा वैतागला. शहाणाच तो. म्हणाला, "बरा होईल त्याचेच पैसे." मग गुणाजी सर्दीपडशाला धावत जायचा, आणि खाटेला खिळलेल्याच्या दारावरून मान खाली घालून निघून जायचा. बोटं मुकी झाली.

आणि नेमकी राजाची लेक मैना तापानं फणफणली. डोळे उघडेना. गुणाजीनं दारातूनच पाहिलं.

"वाचेलसं दिसत नाही, महाराज. येतो मी."

राजानं त्याची वाट अडवली. रागावणार कुणावर? नियम त्याचाच. मग म्हणाला, "गुणाजी, पोरगी जगो न जगो, तुझी चूल मी विझू देणार नाही. तू नुसता बस तिच्यापाशी."

गुणाजी बसला. नाडी धरली. दुपार गेली, बोटं गप्पच. थकला बिचारा, रडलासुद्धा. पण उठला नाही. दिवेलागणीला बोटं बारीक आवाजात बोलली. त्यानं लगेच पाला वाटला, चाटवला. मग मैनेनं पाणी मागितलं.

तेव्हापासून घरटी पायली पुन्हा सुरू झाली. गुणाजी कधीमधी दुपारचा घोरत पडायचा, खोटं कशाला सांगू? पण हाक मारली की उठायचा. राजा, मैना, सगळा गाव सुखानं नांदला.

झोपा आता. पोटात दुखलं तर हाक मारा, उठेन मी. उगाच मात्र मारू नका, बाळांनो, फार दमलेय.