नावठेवीचा धोंडा

भोकरखोलच्या तळ्याकाठी, घाटाची वाट गावात शिरते तिथंच, गुडघाभर उंचीचा एक काळा धोंडा आहे. त्याच्या पाठीवर ओळीनं खाचा पडल्या आहेत. नवखा माणूस हात जोडतो आणि विचारतो, देव कुठला? देव नाही हो. हा नावठेवीचा धोंडा. गावात कुणी आयुष्यातलं पहिलं पातं घडवलं, मग ती भाजी चिरायची सुरी असो की लाकूड तोडायचा कोयता, ते आधी इथं ठेवायचं आणि आल्यागेल्यानं त्याला नाव ठेवायचं. बारशाला ठेवतात ते नाव नव्हे, खोड काढायची! 'छान' हा शब्द या धोंड्यापाशी उच्चारायचा नाही. एरवी गाव इतकं गोड, की दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय सोडणार नाही. हे तिखट बोलणं त्यानं कुठून उचललं, त्याची गोष्ट जुनी आहे. बसा असे सावलीला.

त्या काळी म्हणे भोकरखोलात दिवस उजाडायचा तोच मुळी ऐरणीच्या आवाजानं. सटवाजी लोहाराचा घण पडला की बाया पाण्याला निघायच्या. त्याचा कोयता घाट चढून वरच्या मुलखात जायचा आणि तिथले लोक तो लेकीला आंदण द्यायचे. पण सटवाजीचा एकुलता मुलगा तापानं गेला, आणि पुढं दोन वर्षांत म्हाताऱ्याचा उजवा हात थरथरायला लागला. घरात उरली सून, ठकू.

ठकूनं बारा वर्षं भाता ओढला होता, घणही मारला होता. लोहाराच्या घरात बाई घण मारतेच. पण सांडशीत लोखंड धरून फिरवणं, त्याचा रंग ओळखणं आणि नेमक्या क्षणाला बुडवून त्याला पाणी पाजणं, हे तिनं लांबून पाहिलेलं. गावकीनं गोडीगुलाबीनं निरोप दिला, "येत्या खंडेनवमीला आपल्या भट्टीतलं धड हत्यार पुजायला मिळालं तर उत्तम. नाहीतर वरघाटाचा लोहार आणावा लागेल. मग भट्टीची जागा त्याची." ठकूनं मान हलवली आणि पदर खोचला.

पहिला कोयता झाला. शेजाऱ्यानं उलटसुलट करून पाहिला, "छान झालाय हो!" दुसरा झाला, तोही छान. सटवाजीनं थरथरत्या बोटांनी पातं चाचपलं आणि तोही म्हणाला, "छान आहे, सूनबाई." ठकू हरखली.

पण महिना गेला आणि तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती मुरलेल्या दुकानदाराच्या ध्यानात यावी अशी आहे. वापरातलं हत्यार पंधरा दिवसांत धारेला परत येतं. तिचं एकही परत आलं नव्हतं. कुरकुर करणारं गिऱ्हाईक पुन्हा दुकानी चढतं. तोंडभर कौतुक करून गेलेलं कुठं जातं, कुणास ठाऊक. ठकू उठली आणि शेजारच्या घरी गेली. तिचा कोयता भिंतीला आडवा ठोकलेला होता, आणि त्यावर लसणाच्या माळा वाळत होत्या.

"अहो, फार आवडला वहिनी," शेजारी गडबडून म्हणाला, "म्हणून तर जपून ठेवलाय!"

ठकू भट्टीकडे परतली. बाजाराच्या दिवशी तिनं नवा कोयता तळ्याकाठच्या या धोंड्यावर ठेवला आणि चारचौघांत शपथ घेतली, "याला कुणी नाव ठेवल्याशिवाय घरची चूल पेटवणार नाही."

दोन दिवस लोक येत राहिले, 'छान' म्हणून जात राहिले. विधवा बाई, उपाशी बसलेली. तिला कोण टोचून बोलणार? तिसऱ्या दिवशी टोपल्या विणणारी तानूबाई आली. तिनं कोयता उचलला, काखेतल्या बांबूवर घातला आणि पात्याकडे बघत राहिली.

"खरं सांगू? रागावशील."

"उपाशी पोटी राग कुठून येणार, मावशी? बोला."

"अगं, माझा बांबू जशाचा तसा, आणि तुझ्या कोयत्याची धार मुडपली! बांबूनंच कोयत्याला चिरलं की गं!"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ठकूच हसली, आणि गावाच्या तोंडाचं कुलूप निघालं. पात्याचं पोट जड आहे. टोक खाली बघतंय. एका अंगानं जाड, दुसऱ्या अंगानं पातळ. गुराखी म्हणाला, "यानं गवत कापायचं तर आधी गवताची परवानगी काढावी लागेल!" असे सांगतात की दर दोषामागं ठकूनं त्याच कोयत्यानं धोंड्यावर एक घाव घातला. सतरा दोष, सतरा घाव. शेवटी कोयत्याची करवत झाली, आणि ठकूनं घरी जाऊन चूल पेटवली.

मग दर बाजारी एक पातं धोंड्यावर यायचं आणि नावं ऐकून भट्टीत परत जायचं. लोखंड लालभडक असताना बुडवलं तर तुकडा उडतो, निवल्यावर बुडवलं तर धार मुडपते. पिकल्या कोकमाच्या रंगाला आलं की तेवढ्यात पाणी पाजायचं, हे ती अशी चुकतमाकत शिकली. सटवाजी ओसरीवर बसून पाहायचा. ठकू रोज विचारायची, "मामंजी, काय चुकलं?" तो म्हणायचा, "लोक सांगतायत ना."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सातवं पातं धोंड्यावर आलं. तानूबाईनं बांबू चिरला, तो उभा दोन फाकांत निघाला. गुराख्यानं जोर लावून घाव धोंड्यावरच घातला. म्हणे धोंडा चार बोटं चिरला आणि धार होती तशी राहिली. ती शेवटची खोल खाच बघा, तीच ती. गावकीचे लोक म्हणाले, "झालं, भट्टी तुझी. उचल कोयता."

ठकू उचलेना. "नाव ठेवा आधी."

कुणाला काही सापडेना. तेव्हा सटवाजी काठी टेकत गर्दीतून पुढं आला. त्यानं कोयता हातात घेतला. असे सांगतात की तेवढ्या घटकेपुरता त्याचा हात थरथरला नाही.

"मूठ चुकली," तो म्हणाला.

ठकूचा चेहरा उतरला. "मामंजी, तुमच्या जुन्या कोयत्यावरून माप घेतलंय. तसूभर फरक नाही."

"तेच तर. हे माप माझ्या पंजाचं. भट्टी तुझी, घण तुझा, आणि मूठ अजून सासऱ्याची? 'छान' म्हणालो तेव्हा मी सुनेशी बोलत होतो. आज लोहाराशी बोलतोय. तुझ्या हाताला बसेल अशी कर, ठकू."

बारा वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली ती पहिल्यांदा. ठकूनं तिथंच खाली बसून मूठ तासली, आणि दुसऱ्या दिवशी गावानं तो कोयता पुजला.

आजही भोकरखोलच्या कोयत्याची मूठ इतर गावच्या कोयत्यांपेक्षा बोटभर आखूड असते. परगावचे पुरुष कुरकुरतात आणि तरी घेऊन जातात. आणि आजही धोंड्यावर नवं पातं आलं, की साऱ्या बाजारानं नावं ठेवून झाल्यावर शेवटचं नाव घरच्या माणसानं ठेवायचं असतं. ते माणूस पुढं येईपर्यंत तराजू थांबतात, बोलणी थांबतात, आणि पातं घडवणारा मान वर करून त्या एकाच तोंडाकडे बघत उभा राहतो.