छपरावरची मैना आणि तीन बोल

एका राज्यात 'एक' म्हणायला बंदी होती, आणि ती का, हे विचारायलाही. मापारी पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणत. आकडे दुसरीपासून सुरू होत. माणसे एकटी पडत, पण तसे सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता.

हेमलेखा राजकोठाराची मापारीण होती. तिची धाकटी बहीण चित्रांगी सातव्या वर्षी ज्वारी मोजताना 'एक' म्हणाली आणि तत्क्षणी मैना झाली. वडीलधाऱ्यांनी पाठ फिरवली. बारा वर्षे ती कोठाराच्या छपरावर बसून होती. तिच्याशी बोलायचीही मनाई होती, त्यामुळे ती माणसांचे शब्द विसरत चालली.

शेवटी ती नुसतीच शीळ घालू लागली. त्या सकाळी हेमलेखाने माप खाली ठेवले आणि हा शाप देणाऱ्या मांत्रिकाचा डोंगर गाठला.

मांत्रिक शेळीचे दूध काढत होता. "बहीण परत हवी असेल, तर तीन बोलांचे अर्थ सांग," तो म्हणाला. "पाठ केलेले नकोत."

पहिला बोल होता पाचावर धारण बसणे. त्याने तिला वाघाच्या गुहेत धाडले. ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"भीतीनं गळून जाणं. तुझ्या वाघाला दात नाहीत, पण ते मला नंतर कळलं."

दुसरा बोल, नऊ दोन अकरा होणे. त्याने हवेत दार उघडले. पलीकडच्या नगरात हसरी माणसे होती आणि कुणालाच मागचे काही आठवत नव्हते. हेमलेखा उंबऱ्यावर बराच वेळ उभी राहिली. मग तिने दार ओढून घेतले.

"पळून जाणं. माझे पाय निघाले होते. खोटं कशाला सांगू?"

"आता तिसरा. एक घाव दोन तुकडे करणे."

"तडकाफडकी निकाल लावणं. आमच्याकडे हा बोल कुणी म्हणत नाही. निकालही लागत नाहीत. पंच बसतात आणि उठतात."

"मग तू लाव. तो शब्द म्हणणारा पक्षी होतो. त्याच्यासाठी दुसऱ्यानं तोच शब्द म्हटला की शाप सुटतो. मात्र तुझ्या बहिणीत माणूस उरला नसेल, तर तूही पक्षी होशील."

"असला शाप दिलास कशाला?"

"गंमत म्हणून. वाटलं, कुणीतरी लगेच म्हणेल आणि खेळ संपेल. तीनशे वर्षं झाली. तुमच्या पंचांना उतारा ठाऊक आहे."

हेमलेखा कोठारात परतली. तिन्ही पंच बसलेच होते.

"आलीस? लाभ म्हण आणि कामाला लाग," थोरले पंच सोमदत्त म्हणाले.

तिने पायली भरली. "एक."

तिच्या बोटांवर पिसे फुटली, कोपरापर्यंत चढली. छपरावर मैना फडफडत राहिली. मग पिसे गळू लागली. वर एकोणीस वर्षांची मुलगी कौले धरून बसली होती. खाली कसे उतरावे, हे तिला उमजेना. हेमलेखाने शिडी लावली.

सोमदत्तांनी घसा खाकरला. "बरे झाले. बंदी उठली. मात्र उतारा आम्हांला ठाऊक होता, हे चार भिंतींबाहेर जाऊ नये. राज्याची घडी विस्कटेल."

"बाहेर जाईल, आजोबा."

"पोरी, वडीलधाऱ्यांचा मान असतो."

"बारा वर्षं ती वर होती. तुम्ही तिघं त्याच छपराखाली रोज जेवलात. मी गप्प बसणार नाही."

सोमदत्तांनी उरलेल्या दोघांकडे पाहिले. हेमलेखा बहिणीला उतरवायला शिडी चढू लागली.