शेवटच्या नंबराची आंबील

चमच्यानं कधी तहान भागते का हो? तुम्हीच सांगा. सांगायचं नसेल तर नुसतं ऐका.

एका गावात एक भोळा भागोजी होता. वय तिशीचं, मिशा भरघोस, मन लहान मुलाचं. कुणीही काहीही सांगितलं, की हा "बरं" म्हणायचा आणि तसंच करायचा. अगदी तसंच.

त्याला आईबाप नव्हते. हौसाआत्यानं त्याला वाढवलं होतं. ही आत्या आंबील करायची. ज्वारीचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी शिजवायचं, वर ताक, मीठ, ठेचलेला लसूण. झाली आंबील. खाणीवरचे दगडफोडे आणि मेंढरांमागचे धनगर तिच्या दारात थांबायचे, वाडगंभर प्यायचे आणि तोंड पुसून पुढं जायचे.

गावच्या देवीची जत्रा भरली, की अकरा घरांतून आंबिलीची अकरा मडकी यायची. नरसूअण्णा आणि त्यांचे तीन दोस्त हे गावातले मोठे पारखी. चौघं पारावर सावलीत बसायचे. प्रत्येक मडक्यातला एक चमचा चाखायचे आणि मडक्यावर गेरूनं नंबर घालायचे. शेवटच्या नंबराचं मडकं सगळ्या गावासमोर पालथं घालायचे. आणि लागोपाठ तीन वर्षं मडकं पालथं पडलं, तर त्या घराला जत्रेत जागाच नाही. पुन्हा कधीच नाही.

हौसाआत्याचं मडकं दोन वर्षं पालथं पडलं होतं.

"पातळ आहे," अण्णा म्हणायचे. "रंग नाही. जिभेवर रेंगाळत नाही."

"अण्णा, ही चमच्यानं चाखायची नाही," आत्या म्हणायची. "उन्हातून आल्यावर वाडगं भरून प्यायची."

"पारखी उन्हात जात नाहीत, हौसा."

यंदा तिसरं वर्ष होतं. जत्रेला दोन दिवस उरले आणि चौथा पारखी लेकीच्या गावाला निघून गेला. आता चौथा कोण? अण्णा म्हणाले, "स्वतःचं मत नसलेला माणूस बघा." सगळ्यांनी एकदम भागोजीकडं बघितलं.

अण्णांनी त्याला पारावर बसवून धडा दिला. "हे बघ भागोजी, पारखी माणूस पीत नाही. जरासं तोंडात घ्यायचं, घोळवायचं, थुंकून टाकायचं. मग नाक मुरडून खोट काढायची. खोट काढली नाही, तर लोक तुला पारखी म्हणणार नाहीत."

"बरं अण्णा."

त्याच दुपारी शेजारच्या शेवंताकडं बारसं होतं. भागोजीच्या हातात खिरीची वाटी आली. त्यानं एक घोट घेतला, घोळवला आणि पाहुण्यांच्या पुढ्यात थुंकला.

"अगं बाई! काय झालं रे?" शेवंता म्हणाली.

"गोड फार आहे," भागोजी म्हणाला.

शेवंता बिचारी समजूतदार. तिनं बाळ पुढं केलं. "बरं, राहू दे खीर. माझं बाळ तरी बघ."

भागोजीनं बाळाचा वास घेतला. नाक मुरडलं. "रंग फिका. वास आंबट. अजून चार दिवस मुरायला हवं होतं."

शेवंताच्या सासूनं त्याला लाटणं घेऊन अंगणाबाहेर घालवलं.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे भाग्या, असं असतं का! कुणी पुढ्यात आणून दाखवलं, की मांडीवर घ्यावं, जोजवावं. म्हणावं, किती गोजिरं आहे, अगदी आईवर गेलंय!"

"बरं आत्या."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सरावासाठी घरून आंबिलीचं मडकं आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. भागोजीनं मडकं मांडीवर घेतलं. उजवीकडं जोजवलं, डावीकडं जोजवलं. "किती गोजिरं आहे! अगदी आईवर गेलंय!"

अर्धी आंबील अण्णांच्या कोऱ्या धोतरावर गेली.

"ठेव खाली! ठेव!" अण्णा ओरडले. "आधी लांब बस. डोळे मीट. नुसतं नाक पुढं कर. आणि हे कुणाचं, ते कुणाचं, असं मनात आणायचं नाही. पारख्याला आपलं आणि परकं नसतं."

"बरं अण्णा."

भागोजी घरी आला. परड्यात गोवऱ्यांच्या ढिगानं पेट घेतला होता. तो लांब बसला, डोळे मिटले, नाक पुढं केलं.

"भाग्या! दिसत नाही का रे धूर?" आत्या हंडा घेऊन धावत आली.

"डोळे मिटलेत आत्या."

"अरे, आपल्या गोवऱ्या जळतायत!"

"आपलं आणि परकं नसतं आत्या. वास चांगला आहे. जरा जास्त भाजलंय."

आत्यानं एकटीनं आग विझवली. मग धापा टाकत उंबऱ्यावर बसली. "नीट ऐक रे माझ्या राजा. धूर दिसला, की 'धावा धावा' म्हणून ओरडायचं. हाताला येईल ते मडकं उचलायचं आणि ओतायचं. विझेपर्यंत ओतायचं. समजलं?"

"बरं आत्या."

तिसऱ्या दिवशी जत्रा. ऊन असं, की देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नव्हता. पाराखाली अकरा मडकी ओळीत मांडली होती. हौसाआत्याचं मडकं अगदी टोकाला.

अण्णांनी भागोजीला बाजूला घेतलं. दोन दिवसांत तेही शहाणे झाले होते. "तू आज काही चाखू नकोस, काही बोलू नकोस. एक ते दहा नंबर आम्ही घालतो. सगळं आटोपल्यावर शेवटी जे उरेल, त्याला तू पालथं घाल आणि त्यावर अकराचा आकडा काढ. एवढं तरी जमेल ना?"

"बरं अण्णा."

शेवटी काय उरणार, हे भागोजी सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं. हौसाआत्यानं ते ऐकलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मडक्याजवळ उभी राहिली. वाढवलेल्या पोराच्याच हातून आज मडकं पालथं पडणार होतं.

पारखी चाखत गेले, थुंकत गेले. दहा मडक्यांवर दहा नंबर पडले. टोकाच्या मडक्यात तर यंदा त्यांनी चमचाही बुडवला नाही. "ठाऊक आहे चव," अण्णा म्हणाले. काम झालं म्हणून त्यांनी ऐटीत चिलीम पेटवली आणि एक लांब झुरका मारला.

अण्णांच्या तोंडातून धूर आला. नाकातूनही आला.

"धावा! धावा! अण्णा पेटले!"

भागोजीनं पहिल्या नंबराचं मडकं उचललं आणि अण्णांच्या डोक्यावर ओतलं. दुसऱ्या नंबराचं छातीवर. तिसऱ्याचं पाठीवर. चौथ्याचं मांडीवर. अण्णा उठायला गेले, तर घसरून पाचव्या नंबरात बसले. दोघे पारखी अडवायला आले. सहावा, सातवा आणि आठवा नंबर त्यांना मिळाला. नववं मडकं चिलमीवर, दहावं परत अण्णांवर. भागोजीनं टोकाचं मडकं उचललं.

"विझलो रे बाबा! विझलो!" अण्णांनी हात जोडले.

भागोजीनं मडकं अलगद खाली ठेवलं.

सगळा गाव इतका हसला, की घसे कोरडे पडले. ऊन वर, तहान आत, आणि प्यायला उरलेलं मडकं एकच. लोक वाडगी घेऊन हौसाआत्याभोवती जमले. आत्या वाढत गेली, लोक पीत गेले. थुंकलं कुणीच नाही. दोघे पारखीही गुपचूप ओळीत येऊन उभे राहिले. शेवटी सदरा पिळत अण्णा आले.

"चमचा आणू का अण्णा?" आत्यानं विचारलं.

"वाडगं आण," अण्णा खाली बघत म्हणाले.

त्यांनी एक वाडगं प्यायलं. दुसरं प्यायलं. पाचव्या वाडग्यानंतर म्हणाले, "पातळ आहे म्हणूनच भरभर उतरते की गं ही!" आणि ओला सदरा फांदीवर टाकून पारावर उताणे झाले. असे गाढ झोपले, की ढोल वाजले, पालखी गेली, तरी घोरणं थांबलं नाही.

आंबील संपली. आत्या मडकं धुवायला घरी घेऊन गेली. ज्यांची त्यांनी आपापली रिकामी मडकी नेली. दोघे पारखी गेले, गाव पालखीमागं गेला. पारापाशी उभा असा फक्त भागोजी राहिला, हातात गेरूची वाटी घेऊन. सगळं आटोपलं होतं. शेवटी काय उरलंय, हे त्यानं नीट बघितलं. एक ते दहा नंबर मनात पुन्हा मोजून घेतले. मग त्यानं नरसूअण्णांना हळूच उचलून पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाआत्यानं दारात आंबिलीचं मडकं नेहमीसारखं सुलटं मांडलं, आणि नरसूअण्णा पाठीवर गेरूचा ठसठशीत अकरा घेऊन भर गावातून उघडेच नदीवर आंघोळीला गेले.