तिळू मुंगीची सात अंडी

मंगळवार, ११ फेब्रुवारी. आभाळ काळं. वारा नाही, पाऊस नाही. वरून पडत होती राख. भुरुभुरु, भुरुभुरु.

राख येत होती डोंगरातून. त्या डोंगराच्या पोटात आग होती. अशा डोंगराला म्हणतात ज्वालामुखी.

डोंगर गुरगुरला, गुडूगुडू गुडूगुडू!

सगळा गाव नदीपलीकडे पळाला. हौसाकाकू तेवढी मागे राहिली. ती गाडी भरत होती.

तिथेच राहायची एक मुंगी. नाव तिळू. तिळाएवढीच होती. ती दाणा आणायला गेली. परत आली, तर वारुळाचं दार राखेखाली! आत तिची सात अंडी.

तिळूने राख ढकलली. राख हलेना.

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कोंबडी भेटली.

"कोंबडीताई, कोंबडीताई, राख उकर. अंडी माझी निघेनात!"

"एरवी तुला टिपलीच असती! पण दिसतंय कुठे? डोळ्यांत राख गेली. काकू डोळे पुसेल, तर उकरीन."

डोंगर गुरगुरला, गुडूगुडू गुडूगुडू!

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. काकू भेटली.

"काकू, काकू, डोळे पूस. कोंबडी राख उकरेना, अंडी माझी निघेनात!"

"अगं बाई, कोरड्या फडक्याने डोळा ओरखडतो. विहीर पाणी देईल, तर पुसेन."

डोंगर गुरगुरला, गुडूगुडू गुडूगुडू!

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. विहीर भेटली.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे. काकू डोळे पुसेना, कोंबडी राख उकरेना, अंडी माझी निघेनात!"

"माझं पाणी खोल, खोल, खोल. बैल मोट ओढेल, तर देईन."

डोंगर गुरगुरला, गुडूगुडू गुडूगुडू!

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बैल भेटला. तो लटलट कापत होता.

"बैलदादा, बैलदादा, मोट ओढ. विहीर पाणी देईना, काकू डोळे पुसेना, कोंबडी राख उकरेना, अंडी माझी निघेनात!"

"मला भीती वाटते गं! डोंगर गप्प बसेल, तर ओढेन."

तिळू डोंगरावर निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दगड गरम. पाय चटचट भाजले.

"डोंगरोबा, डोंगरोबा, गप्प बस. बैल मोट ओढेना, विहीर पाणी देईना, काकू डोळे पुसेना, कोंबडी राख उकरेना, अंडी माझी निघेनात!"

डोंगराला कान नव्हते.

गुडूगुडू गुडूगुडू! लाल लाल ठिणगी उडाली. तिळू पळत सुटली.

बैलाने विचारलं, "बसला का गप्प?"

"नाही बसला. बसणारही नाही."

"मग गं?"

"मलाही भीती वाटते. मी तुझ्या कानात बसते. तू ओढ."

"चावशील!"

"नाही चावत."

"गुदगुल्या करशील!"

"नाही करत. ओढ ना रे दादा!"

बैलाने एक पाय उचलला. पाय थरथरला. दुसरा उचलला. तोही थरथरला.

पण बैलाने मोट ओढली, कुर्र कुर्र! विहिरीने पाणी दिलं, भळभळ भळभळ! काकूने डोळे पुसले, टिप टिप! कोंबडीने राख उकरली, फर्र फर्र!

वारुळाचं दार उघडलं. काकूने करवंटी धरली. तिळूने अंडी आणली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

कोंबडी म्हणाली, "चल, बस गाडीत. आज नाही टिपत."

गाडी निघाली. खडखड खडखड! नदीत शिरली. डुबुक डुबुक! पलीकडे चढली.

मागे डोंगर फुटला. धडाड धूम!

घर जळलं. विहीर बुजली. वारूळ गेलं.

नदीपलीकडे पोचले काकू, बैल, कोंबडी, तिळू आणि सात अंडी.