ठकूबाईचे गाळणे

श्री सोमगिरी महाराज त्या काळी खैरदऱ्याच्या मठात मुक्कामाला होते. गाव कोरड्या माळावरचे. सगळ्यांची तहान एका बारवेवर भागे. त्या पाण्यात नारूचे जंतू होते. ठकूबाई बुरडीण हिचा नवरा नारूनेच पाय कुजून गेला होता. तेव्हापासून ती रोज पहाटे बारवेवर जाई, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळी आणि मठाचे रांजण भरी. येईल त्याने निर्धास्त प्यावे, एवढीच तिची सेवा.

गावचे वैजनाथशास्त्री मोठे व्युत्पन्न, पण सोवळ्याचा त्यांना भारी अभिमान. एकदा त्यांनी चारचौघांत ठकूबाईला हटकले. नेसून विटलेल्या लुगड्यातून गाळलेले पाणी देवाच्या दारी ठेवतेस, पवित्र या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का, असे विचारून ते हसले. लोकही हसले. तिला बारवेच्या पायऱ्या बंद झाल्या. ती लांबच्या नदीवरून घरापुरते पाणी आणून गाळू लागली. घरी बसून सुपे विणू लागली. महाराज मात्र त्या दिवसापासून पाणी प्यायला तिच्या ओसरीवर जाऊ लागले.

वैशाखात एके दुपारी बारवेची एक बाजू ढासळली. पाण्याचा नुसता तांबडा चिखल झाला. नदी आधीच आटलेली. त्यातच शास्त्रीबुवांच्या मातोश्री गोदूआई तापाने फणफणत होत्या. घरातले पाणी संपले होते आणि म्हातारी "पाणी, पाणी" म्हणत होती. शास्त्रीबुवांनी चिखलपाणी आपल्या सोवळ्याच्या रेशमी मुकट्यातून दोनदा गाळले. दोन्ही वेळा खाली गढूळच आले. तसाच हंडा उचलून, अनवाणी, ते महाराजांकडे धावले. महाराज ठकूबाईच्या ओसरीवर बसले होते.

"महाराज, माझी आई चालली," एवढेच त्यांना बोलता आले.

महाराजांनी ठकूबाईकडे पाहिले. तिच्या घरचेही पाणी संपले होते. ती फडके घेऊन आली, पण शास्त्रीबुवांसमोर अवघडली.

"जुनं हाय, बुवा. चार ठिकाणी फाटलंय. आन् माझ्या हातचं तुमास्नी चालंल का?"

शास्त्रीबुवांनी हंडा तिच्यापुढे केला. महाराज म्हणाले, "ठकूबाई, तू नुसतं धरून ठेव. फाटलंय तिथं पांडुरंगाचा हात आहे."

तिने डोळे मिटून फडके कळशीवर धरले. शास्त्रीबुवा पाणी ओतू लागले. काय सांगावे! वरून चिखल पडत होता आणि खाली स्फटिकासारखे पाणी उतरत होते. भोकांतूनही गाळाचा कण गेला नाही. कळशी भरली, तेव्हा तिचा तळ लख्ख दिसत होता.

तिघेही शास्त्रीबुवांच्या घरी गेले. ठकूबाई उंबऱ्याबाहेर थांबली, तेव्हा शास्त्रीबुवांनीच तिला आत बोलावले. तिने गोदूआईंचे डोके मांडीवर घेतले आणि चमच्याचमच्याने पाणी पाजले. घटकाभराने म्हातारीला घाम फुटला, ताप उतरला, तिने डोळे उघडले.

मग महाराज शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, पवित्र शब्दाची फोड करा पाहू."

सवयीने शास्त्रीबुवा सांगू लागले, "पू हा धातू. पू म्हणजे स्वच्छ करणे. त्याला इत्र प्रत्यय, तो साधन दाखवतो. खणण्याचे साधन ते खनित्र, तसे ज्याने स्वच्छ करायचे ते पवित्र. वेदात सोमरस ज्या लोकरीतून गाळीत, तिला..."

ते थांबले. त्यांची नजर ठकूबाईच्या ओल्या फडक्यावर गेली. "तिला पवित्र म्हणतात. पवित्र म्हणजे गाळणे, महाराज."

"होय ना," महाराज म्हणाले. "घाण आपल्यापाशी ठेवून घ्यायची आणि पुढच्याला निर्मळ द्यायचे. तुम्ही हा शब्द जन्मभर घोकलात. ही बाई तो रोज पहाटे जगत होती."

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते महाराजांच्या चरणांवर डोके ठेवायला वाकले, तर महाराज हलकेच बाजूला सरले. समोर ठकूबाई होती. शास्त्रीबुवा क्षणभरही अडखळले नाहीत. तिच्या पुढ्यात त्यांनी साष्टांग नमस्कार घातला.

बिचारी ओशाळली. मांडीवर म्हातारीचे डोके, तिला उठताही येईना.

"उठा बुवा," ती हळूच म्हणाली. "आजींना आणखी घोटभर पायजे. तेवढी कळशी इकडं सरकवा."