साळिंदरांपुढचे शून्य

माळावर माणसाची कुंपणे येण्याआधीची गोष्ट. काळवट नावाच्या मतदारसंघात दर पाच वर्षांनी पाणवठ्याचा राखणदार निवडला जाई. ज्याला मत द्यायचे, त्याच्या बिळापुढे आपल्या वस्तीच्या खुणेचा खडा ठेवायची रीत होती. मोजणी झाली की वृद्ध कासवीण वस्तीवार मते कातळावर कोरून ठेवी. आजवर झालेल्या चारही मतदानांत कोल्हाच निवडून आला होता.

पाचव्या मतदानाच्या सकाळी तो तिच्याकडे आला. "कासवीणबाई, सभेत मागचे आकडे वाचा. ससे आमचे, तितर आमचे. साळिंदरांचे शून्य, म्हणजे त्यांची काही तक्रार नाही."

"तसे म्हणायला आधार नाही," ती म्हणाली. "तिथे फक्त शून्य कोरलेले आहे."

"मग तेवढेच वाचा. पाणवठ्यावर पुढेही राहायचे आहे ना?"

त्या पाण्यावाचून ती जगली नसती. सभेपुढे तिने मान आत ओढली, मग सावकाश बाहेर काढली. चारही ओळी वाचून झाल्यावर, आजवर कोणी वाचायला न सांगितलेली कडेची नोंदही तिने वाचली. "मतदानाची वेळ भर दुपारची. वेळ ठरवली राखणदाराने."

साळिंदरे दिवसभर झोपतात, हे सर्वांनाच ठाऊक होते.

"आज दिवस मावळल्यावर खडे ठेवू," म्हातारा ससा कोल्ह्याकडे न पाहता म्हणाला. "तोवर कोल्होबा, तुम्ही पाणवठ्यापासून जरा लांब बसा."

त्या संध्याकाळी साळिंदरांच्या नावापुढे आकडा कोरताना कासविणीला कातळावर जागा अपुरी पडली.