अस्वलाची पंगत आणि तीन हाका

एका जंगलात एक अस्वल राहत असे. राहत असे ते अगदी एकटे, आणि मुलांनो, हेच त्याचे दुःख होते. त्याला पाहुण्यांची भारी हौस; पण त्याचे काळे केसाळ अंग झाडीबाहेर दिसले रे दिसले, की ससे झुडपात आणि हरणे टेकडीपलीकडे! एका चैत्रात मोहाला असा बहर आला, की झाडांखाली फुलांचा खच पडला. अस्वलाने मनाशी ठरवले, "यंदा सगळ्या जंगलाला पंगत घालायची. शेजारी बसून एकदा जेवले, की मला कोण घाबरणार?"

सगळे मावतील अशी जागा एकच होती, ओढ्याकाठचा मोठा माळ. माळ कोणा एकाचा नव्हता. तरी तिथे जमायचे, तर जंगलाचा एक जुना रिवाज होता. रोज संध्याकाळी माळाच्या कडेला उभे राहून एक हाक मारायची, "आम्ही इथे जमणार आहोत, कोणाला काही सांगायचे आहे का?" अशा तीन दिवस तीन हाका झाल्या, की परवानगी मिळाली असे समजत.

अस्वल फुले वेचण्यात गढले होते. तेवढ्यात कोल्हा आला आणि म्हणाला, "अस्वलदादा, परवानगीचं माझ्याकडे लागलं. या कामातल्या खाचाखोचा मला ठाऊक आहेत. फक्त पंगतीत पहिलं पान माझं वाढायचं हं!"

"वाढीन की," भोळे अस्वल म्हणाले. "पण तेवढं नीट कर, कोल्होबा."

कोल्हा दुसऱ्या दिवशी माळावर गेला, तो भर दुपारी. खडे नुसते तापले होते, पाय ठेवायची सोय नव्हती. तीन संध्याकाळी कोण हेलपाटे घालणार? त्याने एका दमात तिन्ही हाका मारल्या आणि पाठ फिरवली.

"टिटिव, टिटिव! अरे थांब, मला सांगायचंय!" माळाच्या मधोमध बसलेली टिटवी ओरडली. पण उठून त्याच्यामागे जाणे तिला शक्य नव्हते. तिच्या पोटाखाली चार अंडी होती. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, उघड्या माळावर खड्यांतच अंडी घालते. तिने दुपारी त्यांच्यावर सावली धरली नाही, तर ती बिचारी उन्हाने करपून जायची.

कोल्ह्याने वळूनही पाहिले नाही. तेही एका परीने बरेच झाले म्हणा, नाहीतर त्याने आपले पान तिथेच वाढून घेतले असते! "हिचं ओरडणं काय, रोजचंच आहे," असे पुटपुटत तो अस्वलाकडे गेला आणि म्हणाला, "मिळाली परवानगी! कोणीही नको म्हणालं नाही."

पंगतीचा दिवस उजाडला. हरणे आली, ससे आले, मोर आले, साळिंदरसुद्धा काटे सावरत आले. अस्वलाने पळसाच्या पानांवर फुलांचे ढीग मांडले होते. एवढे पाहुणे पाहून त्याचे मन भरून आले. शेवटी टेकडीकडून गव्यांचा कळप धुरळा उडवत माळात शिरला.

एकाएकी पुढचा गवा जागीच थांबला. त्याच्या खुरासमोर वीतभर टिटवी पंख पसरून उभी होती आणि जीव तोडून ओरडत होती. गव्याने मान खाली घालून पाहिले. तिच्या मागे खड्यांत खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी होती. आणखी एक पाऊल, आणि सगळे संपले असते.

अस्वल धावत आले आणि अंड्यांवर वाकले. "टिटवीताई, आधी का नाही सांगितलंस गं?"

"सांगत होते रे, दादा! ज्याने हाका मारल्या, तो थांबला कुठे?"

अस्वलाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्हा म्हणाला, "हाका मारायच्या असा रिवाज आहे, दादा. मी तीनच्या तीन मारल्या. उत्तर ऐकत बसायचं, असं मला कोणी सांगितलं होतं?"

खरे सांगायचे तर अस्वलाला रडू येत होते. ज्या दिवसाची जन्मभर वाट पाहिली, तो हातचा चालला होता. तरी ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मंडळी, मला माफ करा. पंगत होणार नाही. ज्याने त्याने आपलं पान उचलून घरी न्यावं."

"अहो, पण मी नको कुठे म्हटलं?" टिटवी घाईघाईने म्हणाली. "मला एवढंच सांगायचं होतं, की टेकडीकडून येऊ नका, ओढ्याच्या बाजूने या. त्या पळसाच्या पलीकडे बसा, आणि उन्हं उतरायच्या आत आवरा. मग खुशाल जेवा! मलाही दोन फुलं पाठवा."

सगळ्यांना हसू फुटले. पाने उचलून पळसापलीकडे मांडायला कितीसा वेळ लागतो? पंगत झकास झाली. एक लहानसा ससा तर अस्वलाच्या पोटाला टेकून जेवला. कोल्ह्याचे पान मात्र सगळ्यांत शेवटी वाढले गेले. गव्याने आपले पान टिटवीशेजारी मागवून घेतले आणि कोल्ह्याकडे तोंड करून जो बसला, तो दोन दिवसांनी चारही पिल्ले अंड्यांबाहेर येऊन तुरुतुरु पळू लागल्यावरच उठला.

पुढच्या चैत्रात अस्वल स्वतः माळावर गेले. संध्याकाळच्या वेळी त्याने एक हाक मारली आणि कडेच्या दगडावर कान देऊन बसले. थोड्याच वेळात माळाच्या पाच कोपऱ्यांतून पाच आवाज आले, "टिटिव, टिटिव! या की, अस्वलमामा! पण ओढ्याच्या बाजूने हं!"

तात्पर्य : सगळ्यांच्या जागेवर जमण्याआधी तिथे राहणाऱ्या लहानातल्या लहानालाही विचारावे, आणि विचारल्यावर त्याचे उत्तर ऐकायला थांबावे.